पैनगंगेत राफ्टिंग, पाणी कयाधूचं

आमच्याकडच्या माणसाला राफ्टिंगची हौस आली की कोलाड गाठावं लागतं. रात्रभर ट्रॅव्हल्सनं पुणे, मग ताम्हिणी उतरून रायगड. अंग आंबून जातं, पण तिथली कुंडलिका शिस्तीची आहे. मुळशीचं पाणी डोंगरावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज झाली की खाली नदीत सुटतं आणि त्या सुटण्यावर सगळ्यांची घड्याळं लागलेली असतात. त्यामुळे ‘आता पैनगंगेत राफ्टिंग, नांदेडहून दीड-दोन तासांवर’ असा मेसेज फिरला तेव्हा दाजींनी विचारणा न करता तिघांचे पैसे भरून टाकले. मी, दाजी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा.

आयोजकाचं नाव देत नाही. त्याचा तो उद्योग आता बंद आहे.

भल्या पहाटे निघालो. अर्धापूरच्या केळीच्या बागा अंधारातच मागे पडल्या. वारंगा फाट्याला खिचडी खाल्ल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही हा आमच्याकडचा नियम आहे, तो पाळला. तिथून हदगावचा रस्ता. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात, बुलडाणा जिल्ह्यात उगवते आणि खाली येता येता मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधला बांध होते. अलीकडे आपलं हदगाव, पलीकडे यवतमाळातलं उमरखेड. वर इसापूरचं मोठं धरण आहे आणि हिंगोली-कळमनुरीकडून येणारी कयाधू धरणाच्या खाली हिला मिळते. आमची सुरुवात या संगमाच्याही खालून, एका गावाच्या घाटावरून होती.

घाटावर लातूरचं एक जोडपं आणि सुट्टीला घरी आलेला पुण्यातला एक इंजिनिअर आधीच जाकिटं घालून फोटो काढत होते. गाइड पोरगा चुणचुणीत. कोलाडला काम केलेला. जाकिटाचे पट्टे त्यानं प्रत्येकाचे स्वतः ओढून पाहिले, पॅडलची मूठ सोडायची नाही हे बजावलं आणि पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे ठेवा, काही झालं तरी उभं राहायचा प्रयत्न करू नका, हे तीनदा सांगितलं. उभं राहिलं की पाऊल दगडाच्या फटीत अडकतं आणि वरून पाणी माणसाला खाली दाबतं. पोराला त्याचं काम येत होतं, हे मी मुद्दाम लिहितोय.

नदी मात्र त्याला नवी होती. नदी ओळखणारा माणूस बाजूलाच जाळं विणत बसला होता. गावातले भोईकाका. त्यांनी मान वर न करताच आयोजकाला सांगितलं, “भाऊ, पाणी बदललंय. काडी येऊलाली, बघा.” खरंच, मधल्या धारेत पाचोळा, पऱ्हाट्यांचे तुकडे आणि पिवळट फेसाचे पट्टे वाहत येत होते. काठाशी एक दगड भोईकाकांनी खुणेला धरला होता, तो एव्हाना निम्मा बुडाला होता. आयोजकानं मोबाइल पुढे केला. “काका, इसापूरचे दरवाजे बंद आहेत. विसर्ग शून्य. मेसेज बघा ना.” मेसेज खराच होता. काका म्हणाले, “इसापूर बंद असंल. कयाधू कोण बंद केली?”

रात्री सेनगाव-हिंगोलीकडे पाऊस झाला होता, नांदेड कोरडं होतं. इसापूरवरून सोडलेल्या पाण्याचे आकडे सगळ्या ग्रुपवर येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हा हिशेब आता आमच्याकडं शाळकरी पोरालाही येतो. पण कयाधूच्या पाण्याला थोपवून धरायला इसापूरसारखं धरणच नाही. ती हिंगोलीकडचा पाऊस जसाच्या तसा खाली आणून ओतते. आयोजकानं घड्याळात पाहिलं, दुपारची दुसरी बॅच सांगितली आणि राफ्ट पाण्यात ढकलली.

सुरुवातीचा टप्पा मजेचा गेला हे कबूल करायला हवं. काळ्या खडकांवरून दोन-तीन छान उड्या बसल्या, दाजी चक्क ओरडले. पैलतीरावर सागाची झाडं, अलीकडे कपाशी. मग आवाज बदलला.

पुढे कोल्हापुरी बंधारा होता. आमच्या नद्यांवर हे पावलोपावली आहेत. ओळीनं दगडी-काँक्रीटचे खांब, मधल्या खाचांत लोखंडी गेट. पावसाळ्यात गेट काढून ठेवतात, परतीचा पाऊस सरला की बसवतात. गेट नसले तरी खांब नदीतच राहतात आणि पुरात त्यांना झाडं, तुराट्या, वायरी, काय वाट्टेल ते अडकतं. या गाळणीतून पाणी जातं, माणूस जात नाही. चाचणीच्या दिवशी यांनी बंधाऱ्याच्या अलीकडे वाळूवर राफ्ट लावून ती डोक्यावरून पलीकडे नेली होती. आज ती वाळू दिसलीच नाही. गाइड “उजवीकडे, उजवीकडे!” ओरडत राहिला, आम्ही पॅडल मारत राहिलो आणि राफ्ट आडवी होऊन खांबावर बसली.

अशा वेळी सगळ्यांनी खांबाकडच्या बाजूला झेपावायचं असतं, म्हणजे वरच्या अंगाची कड उचललेली राहते. शरीर नेमकं उलटं करतं, खांबापासून लांब सरकतं. वरची कड पाण्याखाली गेली आणि राफ्ट ओल्या चादरीसारखी खांबाला गुंडाळली गेली. भाचा आणि लातूरच्या वहिनी फेकले गेले, दोन खांबांमधल्या मोकळ्या गाळ्यातून आरपार. उरलेले आम्ही खांब, दोर आणि एकमेकांचे पट्टे धरून बंधाऱ्यावरच्या स्लॅबवर चढलो.

स्लॅबवरून काठाला चालत जाता आलं असतं, पण कडेचा मातीचा भराव केव्हाच वाहून गेला होता. काठ आणि आमच्यामध्ये एक ट्रक मावेल एवढी फट, आणि तिच्यातून सगळ्यात जोराचं पाणी. दोराची पिशवी राफ्टसोबत पाण्याखाली. स्लॅबच्या भेगेतून मुंगळे पांढरी अंडी तोंडात धरून वर येत होते, रांगेनं, आमच्या बुटांवरून. एक गोम इंजिनिअरच्या पॅडलवर चढून बसली, त्यानं तिला झटकली नाही. लातूरचे भाऊ खालच्या बाजूला बघत एकच विचारत होते, “पुढं सहस्रकुंडच लागतं ना?” सहस्रकुंडचा धबधबा बराच खाली आहे, हे दाजींनी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

भोईकाका आणि त्यांचे दोन पुतणे काठाकाठानं आमच्या मागंच निघाले होते. आम्ही घाट सोडला तेव्हाच त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबा फुगवायला घेतल्याचं नंतर कळलं. प्लास्टिकच्या कॅनला दोरी बांधून त्यांनी ती फटीवरून फेकली, तिसऱ्या फेकीला गाइडनं धरली. ट्यूबेत बसवून एकेकाला तिरकं ओढून घेतलं. धारेला काटकोनात ओढलं की दोर तुटतो, असं काका मधूनच पुतण्याला शिकवत होते. शाळेच्या पोराला पाढे शिकवावेत तितक्या निवांत.

भाचा आणि वहिनी खालच्या वळणावर पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींत सापडले. दोघंही उताणे होऊन, पाय पुढे ठेवून गेले होते. भाच्यानं पायानं बुंधा ढकलून स्वतःला कडेला घेतलं आणि वहिनींचं जाकीट धरून ठेवलं. खांद्यात काटे मोडलेले. हदगावला डॉक्टरांनी ते काढताना मोजून ट्रेमध्ये ठेवले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि “राफ्टिंग? इथं?” एवढंच विचारलं.

भोईकाकांना दाजींनी पैसे दिले, त्यांनी ते मोजून खिशात टाकले. आपल्या नद्यांवर असले खेळ चालवायचेच असतील तर राफ्टमध्ये कोलाडचा गाइड हवा आणि घाटावर शेवटचा शब्द गावच्या भोयाचा हवा, त्यालाही रीतसर पगार देऊन. धरणाचा मेसेज त्यानंतर वाचावा. आयोजकानं आम्हाला निम्मे पैसे परत केले. उरलेल्या निम्म्यांसाठी दाजी अजून फोन लावतात. पाणी ओसरल्यावर राफ्ट खांबाला तशीच लटकलेली सापडली, मधोमध फाटून. चार पॅडल भोईकाकांच्या ओसरीत ठेवली आहेत, ती न्यायला कोणी फिरकलेलं नाही.