मागच्या भिंतीची ओल आणि कोपऱ्यातला खड्डा : चौथा महिना

माझ्या मातीच्या घराची दुरुस्ती चालू आहे. मागच्या खेपेला मी म्हणाले होते की मागच्या खोलीचा गिलावा या महिन्यात उरकेल. तो काही झाला नाही, पण जे झालंय ते मला गिलाव्यापेक्षा मोठं वाटतंय म्हणून सविस्तर लिहितेय.

सिमेंटचा गिलावा सगळा उतरवला. आत दगडी जोत्यावर उभी मातीची भिंत, खालचे दोन-अडीच फूट लोणा (ओलीबरोबर वर येणारं मीठ) लागून इतके भुसभुशीत की बोट फिरवलं तरी माती गळते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, वर चढत जाते आणि जिथे वाळेल तिथे मीठ ठेवून जाते. छिन्नी हलक्या हाताने चालवा बरं का, ग्राइंडर तर आणूच नका. पहिल्या दिवशी मी घाईत हातोडा जोरात मारला आणि सिमेंटबरोबर वरच्या भागातला चांगला ताटाएवढा मातीचा लपका निघून आला, मला खरंच रडू फुटलं. काम थांबवलं आणि त्याच भिंतीला पाठ टेकून बसून राहिले.

तेव्हापासून रोज सकाळी हत्याराला हात लावायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसते. अनवाणी, फोन बाहेर, लक्ष फक्त श्वासावर. पहिला आठवडा डोक्यात नुसत्या कामाच्या याद्या चालल्या होत्या, मग हळूहळू पाठीला काहीतरी कळायला लागलं. कमरेपर्यंत भिंत गार लागते आणि त्याच्या वर एकदम कोरडी. ती ओलीची रेघ होती! खडूने खूण केली, आता दर रविवारी करते, तीन आठवड्यांत रेघ चार बोटं खाली आलीय. आणि ती उतरतेय तशी माझ्या आतली घाईपण उतरतेय असं मला मनापासून वाटतं.

मग दुरुस्तीसाठी माती कुठली वापरायची हा प्रश्न. बरणीची टेस्ट केली, काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून ठेवून द्यायची, वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा (वाळूहून बारीक गाळ) काही तासांत आणि चिकणमातीला दिवसभर तरी लागतो. एका बरणीत भिंतीची माती घातली, दुसरीत घरामागे कोपऱ्यात जो उथळ खड्डा आहे तिथली. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवल्या तर थर जवळजवळ सारखे, रंग तोच, चुनखडीचे बारीक पांढरे खडेसुद्धा तेच. म्हणजे हे घर त्या खड्ड्यातूनच वर आलंय, ज्यांनी बांधलं त्यांनी तिथूनच माती काढली असणार. मी दोन वर्षं तो खड्डा भरून टाकायच्या गोष्टी करत होते. त्या संध्याकाळी त्याच्या काठावर बसून किती तरी वेळ हललेच नाही, घराची उंची आणि जमिनीची खोली एकच आहे हे असं डोळ्यांना दिसेल वाटलं नव्हतं.

ओलीचं मूळही तिथेच सापडलं. पावसात छत्री घेऊन उभी राहिले आणि पाणी कुठे जातं ते बघितलं (हे सगळ्यांनी एकदा कराच, कुठल्याही ड्रॉइंगवर कळत नाही). खड्डा भरला की पाणी उलटं भिंतीकडे येत होतं. आता खड्डा तसाच ठेवलाय, लांबच्या, खालच्या बाजूने चर काढून दिलाय आणि भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच असा उतार केलाय. खड्ड्यात पाणी राहतं, जास्तीचं निघून जातं, भिंतीचा पाया ओलीतून सुटला.

चुना विरवून ठेवलाय. चुनकळी (भाजलेली चुनखडी) पाण्यात टाकायची, पाणी चुनकळीवर कधीच ओतायचं नाही, गॉगल आणि हातमोजे हवेतच, पाणी अक्षरशः उकळतं. चुनखडी भाजताना तिच्यातून जो कार्बन डायऑक्साइड गेला तोच ती भिंतीवर बसल्यावर हवेतून परत घेते आणि पुन्हा दगड होते, महिनोन्‌महिने, बाहेरून आत. हे वाचून माहीत होतं पण स्वतः घोटताना वेगळंच वाटतं. एक भाग चुना तीन भाग वाळू असा फूटभर चौकोन लावून बघितलाय, ओलं पोतं टाकून सावलीत जपतेय, अजून तडा नाही. बाकी गिलावा रेघ जोत्याला टेकल्याशिवाय नाही.

आणि तो निघालेला लपका मी बादलीत जपून ठेवला होता. वरच्या भागातला म्हणून लोणा नाही त्याला, लोणा लागलेली माती मात्र परत वापरू नका. काल भिजत घातला, आज मऊ झालाय, पायाने तुडवून उद्या त्याच जागी बसवणार.