नांदेड ते कोल्हापूर : 424 किलोमीटर

फेब्रुवारी 2020 मधल्या एका दुपारी नांदेडहून आमच्याकडे एअर ॲम्ब्युलन्सची मागणी आली. छातीला मार लागलेल्या एका वृद्ध गृहस्थांना त्याच दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात हलवायचे होते. दोन्ही गावांहून हैदराबादला विमान जात असे, पण त्यांना एकमेकांशी जोडणारे एकही नव्हते. आणि लातूर-सोलापूरमार्गे रस्त्याने न्यायला डॉक्टर तयार नव्हते. मी चार्टर कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर असल्याने मार्ग, इंधन आणि वेळ यांचा हिशेब मांडणे माझ्याकडे होते.

सरळ रेषेत हे अंतर 424 किलोमीटर, म्हणजे 229 सागरी मैल भरते. मुंबईत असलेले आमचे किंग एअर हे छोटे विमान 20 हजार फुटांवर 260 नॉटने, म्हणजे ताशी 260 सागरी मैलांनी जाते. मात्र त्या दिवशी वर पश्चिमेचा 40 नॉटचा वारा होता आणि नांदेडहून कोल्हापूरला नैर्ऋत्येकडे जायचे असल्याने त्यातला सुमारे 30 नॉटचा भाग थेट समोरून येणार होता. म्हणजे जाताना तासभर. उलट दिशेला तेच अंतर 47 मिनिटांत सरले असते.

एवढ्यात विमानातल्या डॉक्टरांनी अट घातली की फुप्फुसाला इजा असल्याने केबिनमधला हवेचा दाब कोल्हापूरच्या जमिनीवर असतो त्यापेक्षा कमी होता कामा नये. कोल्हापूरचा विमानतळच सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, हे आमच्या पथ्यावर पडले. तरीही केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा एका मर्यादेपर्यंतच जास्त ठेवता येतो, म्हणून त्यासाठी 14 हजार फुटांवरून जाणे भाग होते, आणि तिथल्या दाट हवेत विमानाचा वेग 240 नॉटवर येतो. प्रवास बराच लांबेल या समजुतीने मी आकडे पुन्हा मांडले, तर खाली वाराही निम्माच असल्याने उत्तर 61 मिनिटे आले! फरक पडला तो इंधनात, कारण खालच्या थरात ते अधिक जळते. ते मुंबईहूनच जादा भरून घेतले. कोल्हापूरला उतरता आले नाही तर बेळगाव गाठण्यापुरता साठाही त्यात धरला.

रुग्णाच्या मुलाचा नांदेडहून फोन आला. "साहेब, ताई परभणीहून निघाली आहे, तासभर थांबता येईल का? तासाभराचाच तर प्रवास आहे." मला नाही म्हणावे लागले. कोल्हापूरला तेव्हा रात्री उतरण्याची सोय नव्हती आणि तिथला सूर्यास्त 6 वाजून 34 मिनिटांनी होता. नांदेडला त्या दिवसांत सूर्य 14 मिनिटे आधी मावळतो; पश्चिमेकडे जाताना वारा जे हिरावतो त्याहून अधिक सूर्य परत देतो, पण ते तासभर थांबण्याइतके नव्हे. चढण आणि उतरण्याची दहा मिनिटे धरली तर सव्वापाचच्या आत उड्डाण व्हायलाच हवे होते.

विमान 5 वाजून 7 मिनिटांनी उडाले आणि 6 वाजून 19 मिनिटांनी कोल्हापूरला टेकले. ताई तोवर नांदेडला पोहोचल्या होत्या. त्या मोटारीने पुढे निघाल्या. रुग्णाला उतरवेपर्यंत अंधारल्याने विमानाला मात्र तिथेच मुक्काम करावा लागला.

बिल पाहून मुलाने विचारले की 424 किलोमीटरसाठी एवढी रक्कम कशी. मी त्यांना मुंबई-नांदेड 468, नांदेड-कोल्हापूर 424 आणि कोल्हापूर-मुंबई 308 अशी बेरीज लिहून पाठवली. ती बरोबर 1200 होते.