कॅसेट क्र. ७ : टोकियोचा निष्कर्ष मागे घेत आहे

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिले होते की, कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहातून घेतलेल्या १४ कॅसेटपैकी क्र. ७च्या दुसऱ्या बाजूवरचा निनावी जपानी हार्डकोर पंक डेमो (बँडचे कच्चे मुद्रण) टोकियोचा किंवा त्या परिसरातला असला पाहिजे, कारण वारंवारतेच्या आलेखात गाण्यांच्या तळाशी ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेचा गुणगुणाट, रेषेसारखा स्वच्छ दिसतो. तो निष्कर्ष चुकीचा होता. ज्या रेषेवर मी इतका विश्वास ठेवला ती जपानमधून आलेली नव्हती. ती पुण्यातल्या माझ्या खोलीतल्या विजेची होती. ज्यांनी त्या नोंदीवरून आपापल्या याद्यांमध्ये ‘टोकियो’ असे लिहून ठेवले असेल, त्यांनी कृपया ते खोडावे. मात्र ही चूक शोधता शोधता जे हाती लागले ते माझ्या मूळ दाव्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मुद्दा कशाचा होता ते आधी पुन्हा मांडतो. जपानमध्ये वीजपुरवठ्याच्या दोन वारंवारता आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन बनावटीची जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकी, म्हणून शिझुओकातील फुजी नदीपासून इतोइगावापर्यंतच्या रेषेच्या पूर्वेला आजही ५० हर्ट्झ आहे आणि पश्चिमेला ६०. गॉझ आणि जी.आय.एस.एम. या हार्डकोर बँडचे टोकियो पूर्वेला येते. झुओ या बँडचे ओसाका आणि कन्फ्यूज व गाई या बँडचे क्यूशू बेट ही पश्चिमेला येतात. कॅसेटच्या खोक्यातल्या कागदावर पेन्सिलीने ‘जपान ८४?’ एवढेच लिहिलेले असताना आणि बँडचे नाव कुठेच नसताना, रेकॉर्डिंगमध्ये नकळत शिरलेला हम हाच एक पुरावा उरतो, जो कोणी मुद्दाम लिहिलेला नाही आणि म्हणून कोणी चुकीचाही लिहिलेला नाही.

चूक उघडकीस आली ती योगायोगाने. डेकचा बेल्ट बदलल्यानंतर मी कॅसेट न घालता नुसते रेकॉर्डिंग चालू करून पाहिले, तेव्हा ५० हर्ट्झची तीच रेषा तितक्याच उंचीवर उभी होती. लॅपटॉपचा अडॅप्टर काढला तेव्हा ती थोडी खाली आली, पण गेली नाही. डेकमधला ट्रान्सफॉर्मर हेडपासून फार तर एक वीत अंतरावर आहे आणि त्याचे क्षेत्र थेट हेडमध्ये उतरत होते. रिकाम्या डेकची ही चाचणी मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. शिवाय एक खूण डोळ्यांसमोर असूनही मी ती वाचली नव्हती. टेपवर मुद्रित झालेला हम टेपसोबत डुलतो, त्याला वॉव आणि फ्लटर, म्हणजे टेपच्या गतीतले हळू आणि जलद हेलकावे, असतात. माझी रेषा मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

मग प्रश्न असा उभा राहिला की विजेशी संबंध तोडून कॅसेट वाजवायची कशी. कोथरूडच्या एका निवृत्त ध्वनिमुद्रकांनी त्यांचा सोनीचा डब्ल्यूएम-डी६सी हा वॉकमन दोन आठवड्यांसाठी दिला. तो चार पेन्सिल सेलवर चालतो, त्याच्या कॅपस्टनची (टेप ओढणाऱ्या दांड्याची) गती क्वार्ट्झने बांधलेली असते आणि हे मशीन हातात धरल्यावर समजते की पूर्वीच्या खिशात मावणाऱ्या यंत्रांमध्येही किती कसून काम केलेले असे. आज नव्याने बनणाऱ्या बहुतेक सगळ्या कॅसेट प्लेयरमध्ये तानाशिन या जपानी कंपनीच्या एकाच जुन्या यंत्रणेच्या नकला बसवलेल्या असतात. माझे मत स्पष्ट आहे: दुर्मीळ डेमो त्यांवर एकदाही वाजवू नयेत. ३१५० हर्ट्झच्या चाचणी-टेपवर गती तपासून घेतली, घरातली वीज मुख्य बटणापासून बंद केली आणि लॅपटॉपही बॅटरीवर ठेवून ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर पूर्ण बाजू उतरवून घेतली.

पुण्याचा हम गेला आणि त्याच्या आड दडलेल्या एक नव्हे, तीन रेषा समोर आल्या. गेले काही दिवस याच रेषांनी खाल्ले आहेत.

कॅसेटची नक्कल करताना प्रत्येक पिढी आपला हिस (टेपचा सूं-सूं आवाज) आणि आपला हम मागे ठेवते, आणि नक्कल करणाऱ्याने रेकॉर्डचे बटण आधी दाबून मूळ कॅसेट नंतर सुरू केलेली असते, त्यामुळे पहिले गाणे सुरू होण्यापूर्वीच्या काही सेकंदांत या पिढ्या एकेक करून प्रवेश करतात. क्र. ७वर हे अतिशय सुंदर दिसते. सुरुवातीला फक्त हलका हिस आहे आणि त्याच्यासोबत ६०.४ हर्ट्झची रेषा आहे. चौथ्या सेकंदाला हिस एक पायरी वर चढतो आणि ५१.२ची रेषा उगवते. नवव्या सेकंदाला हिस आणखी एक पायरी चढतो, आणि त्याच्यासोबत गिटारच्या अॅम्प्लिफायरचा जाडजूड गुणगुणाट सुरू होतो. सुरुवातीची धरून तीन पायऱ्या म्हणजे मूळ मुद्रण आणि त्यानंतरच्या दोन नकला. पहिली पायरी शेवटच्या नकलेची, म्हणजे ज्यांच्या संग्रहातून या १४ कॅसेट मी घेतल्या त्या कॅलिफोर्नियातल्या गृहस्थांच्या डेकची. अमेरिकेत ६० हर्ट्झ आहे आणि त्यांचा डेक किंचित हळू चालत असल्यामुळे तो ६०.४ वाटतो. इथपर्यंत कोडे नाही.

५१.२ची रेषा पाहून मला एका रात्रीपुरते वाटले की टोकियोचा निष्कर्ष वाचला. (पूर्वी ती दिसली नाही, कारण लहान तुकड्याच्या स्पेक्ट्रममध्ये ५०ची बलदंड रेषा आजूबाजूचा दीड-एक हर्ट्झ झाकून टाकते.) पण ती रेषा संगीताची नव्हती, ती संगीताच्या पाच सेकंद आधी आलेली आहे, म्हणजे ती मधल्या नकलेची आहे. बँड कुठे वाजवत होता हे सांगणारी रेषा फक्त तिसऱ्या पायरीनंतरची, आणि ती शोधायची तर गाण्यांच्या मधल्या फटींत शोधायची, जिथे गिटारवादकाने आवाज खाली न करता हात तारांवरून उचललेला आहे आणि नुसता अॅम्प घुरघुरतो आहे.

या फटी दोन ते चार सेकंदांच्या आहेत. जितका तुकडा लहान तितकी वारंवारता ढोबळ, हा गणिताचा नियम कोणालाच चुकत नाही. तीन सेकंदांत ६१ आणि ६२ यांतला फरक कसाबसा कळतो. चार रात्री मी मूळ रेषेवरच डोके घालून बसलो आणि दर फटीला वेगळे उत्तर मिळत राहिले. मार्ग सुचला तो हार्मोनिकचा, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या रेषांचा. डिस्टॉर्शनमधून गेलेल्या हमचे हार्मोनिक वरपर्यंत ठळक असतात, आणि दहाव्या हार्मोनिकवर चूक दहापटीने लहान होते. ऑडॅसिटीचा स्पेक्ट्रम आलेख रोजच्या कामाला पुरेसा आहे, पण हे काम सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिथे एकाच पट्टीवर अनेक थर ठेवून रेषेचा माग काढता येतो. आठ फटींपैकी सहांमध्ये दहावा हार्मोनिक ६१९ ते ६२१च्या दरम्यान सापडला. म्हणजे अॅम्पचा हम ६२.० हर्ट्झ.

त्याचे दोन अर्थ लागू शकतात. मूळ हम ५० असेल तर टेप २४ टक्के जास्त वेगाने वाजते आहे, म्हणजे जवळपास पावणेचार अर्धस्वर वर. आणि मूळ हम ६० असेल तर ३.३ टक्के जास्त वेगाने. गायक किंचाळत असताना कानाने खात्री देता येत नाही, म्हणून गिटारची खालची तार मोजली. ती ८५ हर्ट्झच्या थोडी वर आहे, ३.३ टक्के उतरवली की ती नेमकी ८२.४वर येते, म्हणजे प्रमाण सुरात लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तार. बँड प्रमाण सुरातच वाजवत होता असे गृहीत धरता येत नाही हे मान्य आहे, पण दोन स्वतंत्र मोजमापे दशांशापर्यंत जुळावीत हा मला पुरेसा पुरावा वाटतो. बँड ६० हर्ट्झच्या प्रदेशात वाजवत होता, आणि गायन जपानीत आहे, म्हणजे पश्चिम जपान.

आता सर्वांत आनंदाची गोष्ट. गती दुरुस्त करण्याआधी मी अझिमथ, म्हणजे टेपशी असलेला हेडचा कोन, पुन्हा लावला होता, दोन्ही चॅनेल मोनोत मिळवून आणि स्क्रू केसभर फिरवत, वरचे स्वर सर्वांत मोकळे होईपर्यंत. याने फक्त शेवटच्या नकलेतला तिरपेपणा सुधारतो, मधल्या नकलेत गेलेले परत येत नाही. तरी पाचव्या गाण्याआधीचे एक बोलणे, जे आधी केवळ खरखर होते, ते शब्दांसारखे ऐकू येऊ लागले. माझी मावसबहीण सहा वर्षे ओसाकात राहून आता योकोहामात असते. तिला या संगीतात रस नाही, पण तिने तो चार सेकंदांचा तुकडा हेडफोन लावून वीसेक वेळा ऐकला आणि कळवले की गिटार जुळवणाऱ्या कोणाला तरी दुसरा म्हणतो आहे, ‘अकान्, अकान्’, म्हणजे ‘नाही, जमत नाहीये’. टोकियोचा माणूस तिथे ‘दामे’ म्हणेल. ‘अकान्’ ही कान्साईची, म्हणजे ओसाका-क्योतो-कोबे भागाची बोली. बोलणारा तिकडून आलेला असू शकतो, म्हणून शहराचे नाव मी अजून लिहिणार नाही. पण हम आणि बोली दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत आहेत आणि क्यूशूचा पर्याय आता मागे पडला आहे.

दुरुस्त गतीवर बाजू १० मिनिटे ४० सेकंदांऐवजी ११ मिनिटे १ सेकंदाची होते. एवढा फरक किरकोळ वाटेल, परंतु तालवाद्याचा प्रत्येक ठोका आता आपल्या जागी पडतो, बेस गिटारला वजन येते आणि गायकाचा आवाज एका मोठ्या माणसाचा वाटतो. या संगीतात वेग हाच प्राण आहे, आणि म्हणूनच नकलांनी चढवलेला वेग बँडच्या खात्यावर जमा होऊ नये असे मला मनापासून वाटते. ज्यांनी एखाद्या भाड्याच्या सरावखोलीत नऊ गाणी मुद्रित केली, त्यांना त्यांच्या स्वतःच्या वेगाने ऐकले जाण्याचा हक्क आहे. नॉइज रिडक्शनचा मारा करून गुळगुळीत केलेल्या फायली फिरवणाऱ्यांशी माझे मतभेद यामुळेच आहेत: हिसच्या पायऱ्या पुसल्या असत्या तर वरचे एकही वाक्य लिहिता आले नसते.

सामानाविषयी थोडे. परदेशातून मागवलेला बेल्ट मापात बसला नाही आणि परत घेण्यास विक्रेत्याने नकार दिला. तापकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिरांनी पुलीचे अंतर दोऱ्याने मोजून चपटा बेल्ट दिला, तो उत्तम चालतो आहे. क्र. ७चे मूळ कवच वितळवून चिकटवलेले होते आणि प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबून धरणारी गादी) गळून पडला होता, म्हणून टेप पाच स्क्रूंच्या कवचात हलवावी लागली. अशी कवचे मी रविवारी जुन्या बाजारात घेतो. खराब झालेल्या कॅसेटच घ्याव्यात, वाजत्या भजनांच्या आणि भावगीतांच्या कॅसेट फोडू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुढचा बेत असा होता की या आठवड्यात दुरुस्त प्रत आणि जशीच्या तशी प्रत, दोन्ही सर्वांना पाठवायच्या. हे लिहीत असताना मात्र एक शंका मनात आली आणि बेत बदलला. मधली नक्कल ५० हर्ट्झच्या विजेवर झाली म्हणून मी ती पूर्व जपानमध्ये झाली असे धरून चाललो होतो. पण संपूर्ण युरोपातही ५० हर्ट्झच आहे. १९८२ साली मॅक्सिमम रॉकनरोल हे अमेरिकी पंक मासिक निघू लागल्यानंतर त्यातले देशोदेशीचे वृत्तान्त आणि पत्ते वाचून कॅसेटची देवाणघेवाण करणारे लोक जपान, फिनलंड, स्वीडन, इटली आणि अमेरिका यांच्यात सतत पाकिटे पाठवत असत. याच संग्रहातल्या क्र. ९वर पहिल्या बाजूला फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या काओस या बँडची गाणी आहेत. ती कॅसेट आत्ताच उठून लावली. संगीताआधीच्या पायरीवर तिथेही ५१ आणि ५१.४च्या मध्ये कुठेतरी एक रेषा आहे.

फिन्निश बँडच्या स्वतःच्या अॅम्पचा हमही ५०चाच असणार, म्हणून इथे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधले सेकंद ग्राह्य धरावे लागतील, आणि ते जेमतेम तीन आहेत. रेषा पुरेशी नाही. दोन्ही कॅसेटवर मधल्या नकलेचा फ्लटरही सारखाच डुलतो का, ते पाहावे लागेल. तो जुळला तर हा डेमो कान्साईतून आधी युरोपातल्या कोणाकडे आणि तिथून कॅलिफोर्नियाला गेला असे म्हणता येईल, आणि मग बँडचे नाव जपानी याद्यांत नव्हे, तर १९८४-८५च्या युरोपीय ट्रेडिंग याद्यांत शोधावे लागेल. ज्यांच्याकडे अशा याद्यांच्या छायाप्रती असतील त्यांनी जपानी नोंदींची पाने तेवढी मला पाठवावीत. क्र. ९चा पॅडही सैल झाला आहे. तो उद्या बदलतो, आणि वॉकमन परत देण्याआधी उरलेल्या चार दिवसांत ती बाजू बॅटरीवर उतरवून घेतो.