पाळकाने वारीत चालावं, पण कसं?

माउलींच्या पालखीसोबत आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतले, म्हणजे चर्चमधले, काही पाळक (धर्मगुरू) आणि पंच (मंडळीचा कारभार पाहणारे) चालतो. ख्रिस्ती माणसाचं तिथे काय काम, असं विचारणाऱ्यांनी मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना आठवावं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली. वारी त्यांना परकी नव्हती, आपल्यालाच ती परकी झाली.

दिंडीत नाव आधी नोंदवायचं आणि भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाण्याची वर्गणी, वेळेत भरायची. आपण ख्रिस्ती आहोत, पाळक आहोत, हे दिंडीचालकांना पहिल्याच भेटीत सांगावं. त्यावरून फारसं कोणाचं काही अडत नाही. लपवलेलं मागाहून कळलं, तर मात्र विश्वास जातो. त्यानंतर ‘रेव्हरंड’ घरीच ठेवावं, कारण दिंडीत सगळेच माउली. पत्रकं, फोटो आणि प्रत्येक अभंगामागे बायबलच्या वचनाचा दाखला, हे तिन्ही वर्ज्य. त्यातला दाखला सुटायला सगळ्यांत वेळ लागतो. पाळकाची जीभ रविवारची सवय सहज सोडत नाही.

जागा मागच्या ओळीतली घ्यावी. टाळ हातात आला तर पुढच्याच्या पावलाकडे बघत वाजवावा. नवखा माणूस हमखास लय पुढे पळवतो, कारण तो स्वतःचाच टाळ ऐकत असतो. अशा वेळी शेजारची आजी नुसता हात धरून थांबवते. थांबावं. चाल कुठली, हे विचारायचं असेल तर विसाव्याला विचारावं, अभंग चालू असताना नाही.

सामान ट्रकमध्ये जातं. खांद्यावर पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा कागद आणि सुती मोज्यांचे दोन जोड पुरेत. पुणे ते सासवड हा टप्पा ३० किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी, म्हणजे पोटात फराळच. घाटाच्या पायथ्याशीच जोर लावणारे वर पोचेपर्यंत गळतात. नवे बूट घालू नयेत. ओले मोजे तसेच ठेवले की त्वचा मऊ पडते, घासते आणि टाचेला फोड येतो. फोडाची कातडी सोलू नये.

संध्याकाळी गावकरी तेल घेऊन पाय चोळायला बसतात. इथे आमच्यातले बरेच जण पाय मागे घेतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला आला, तेव्हा पेत्राने तेच केलं होतं. दुसऱ्याचे पाय धुवायला आपण उत्साहाने पुढे होतो, त्यात मोठेपणाही राखता येतो. आपले मळके पाय कोणाच्या मांडीवर ठेवणं अवघड जातं. ठेवावेत.

पण पाळकाने खरी बघावी ती समाजआरती. मुक्कामाच्या तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार स्वतः त्या दिंडीकडे जातो आणि गाऱ्हाणं ऐकतो. निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, आणि मगच आरती. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, ही मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली शिकवण आम्ही किती वेळा सांगितली असेल! पण ती अमलात आणायची अशी रोजची रीत आपल्या उपासनेत क्वचितच दिसते. तक्रार करणारा आपल्याकडे पाळकाच्या दारी जातो, तोही बहुधा उशिरा.

पंचांच्या बैठकीत ही रीत आणता येते. सुरुवातीच्या प्रार्थनेआधी पंधरा मिनिटं गाऱ्हाण्यांना द्यायची. अध्यक्षपदी पाळक असला तर कोणी तोंड उघडत नाही, म्हणून ती पंधरा मिनिटं एखाद्या ज्येष्ठ बाईंनी चालवावीत आणि पाळकाने बाजूच्या खुर्चीत बसावं. बोलणं संपेपर्यंत त्याने खुलासा करायचा नाही. वहीत गाऱ्हाणं बोलणाऱ्याच्याच शब्दांत उतरवावं, कारण पाळकाच्या भाषेत लिहिलं की त्याची धार जाते. पुढच्या बैठकीला आधीची नोंद वाचून काय झालं ते सांगायचं. हे एकदा चुकलं तरी लोक पुन्हा गप्प होतात. आणि गाऱ्हाणं खुद्द पाळकाबद्दल असेल, तर निवाडा दोन पंचांनी करावा. त्या वेळी पाळकाने खोलीबाहेर थांबावं.