दर वेळी नवीच फाईल खराब: एका मोठ्या बॅकअपचा माग

मशीन फॉरमॅट करण्याआधी त्यातला सगळा डेटा मी सेव्हन-झिप या प्रोग्रामने एका आर्काइव्हमध्ये (अनेक फाईली दाबून भरलेल्या एका फाईलमध्ये) भरला. बाहेरच्या डिस्कची फाईल सिस्टिम फॅट३२ होती, तिच्यावर एक फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून आर्काइव्हचे तुकडे पाडले. फॉरमॅट झालं, नवी सिस्टिम बसली आणि बॅकअप उघडायला घेतला तर एररच्या ओळींवर ओळी: कुठे ‘सीआरसी फेल्ड’, कुठे ‘डेटा एरर’. सीआरसी म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा; मजकूर बदलला की तो जुळत नाही.

असं झालं की जो तो आधी डिस्कवर संशय घेतो. मीही स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, काढला. ५ नंबरचा आकडा (बदली केलेले सेक्टर) शून्य, १९७ (वाचता न येणारे सेक्टर) शून्य, आणि केबल खराब असली की वाढतो तो १९९ सुद्धा शून्य. तरी यूएसबी केबल बदलली, पोर्ट बदललं. फरक नाही.

खरी गोम सेव्हन-झिपची टेस्ट (आर्काइव्हमधली प्रत्येक फाईल तपासणारी) दुसऱ्यांदा चालवल्यावर कळली. पहिल्या वेळी नापास झालेल्या काही फाईली या वेळी बिनबोभाट पास झाल्या आणि धडधाकट होत्या त्यातल्या काही पडल्या. डिस्कवर चुकीचे लिहिले गेलेले बाइट जागा बदलत नाहीत. एरर फिरत असेल तर दोष वाचणाऱ्या मशीनमध्ये. माझ्या मते बाकी काहीही करण्याआधी हीच एक गोष्ट तपासावी: टेस्ट दोनदा चालवा, दोन्ही याद्या शेजारी ठेवा. ‘आर्काइव्ह रिपेअर’ म्हणून मिळणारी टूल्स त्याआधी चालवणं म्हणजे निदानाआधी ऑपरेशन.

खात्रीसाठी तुकड्यांचे एसएचए-२५६ हॅश, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे डिजिटल ठसे, काढले. इथे एक खाचखळगा आहे. एकच तुकडा लागोपाठ दोनदा हॅश केला तर दुसऱ्या वेळी तो डिस्कवरून वाचलाच जात नाही, मेमरीतल्या कॅशमधून येतो, आणि चूक असली तरी तीच चूक पुन्हा मोजली जाते. म्हणून सगळे तुकडे ओळीने हॅश केले, मग पुन्हा पहिल्यापासून. रॅमपेक्षा डेटा कितीतरी मोठा, त्यामुळे कॅश आपोआप रिकामा होत गेला. दोन याद्या जुळल्या नाहीत. तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तिथे मात्र तंतोतंत जुळल्या.

मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या आणि प्रत्येकीत एरर बिट तोच: ००००००२०, म्हणजे बाइटमधला ३२ किमतीचा बिट. बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून रॅम साध्या वेगावर चालवली, तरी तेच. रॅमची एकेक स्टिक काढून पाहिल्यावर दोषी सापडली. ती काढल्यावर आर्काइव्हची टेस्ट स्थिरावली.

पण पूर्ण साफ झाली नाही. मोजक्या फाईली कुठल्याही मशीनवर नेल्या तरी नापासच होत होत्या. कारण उघड होतं: आर्काइव्ह बनवलं तेव्हाही हीच स्टिक मशीनमध्ये होती. सेव्हन-झिप फाईल वाचता वाचता तिचा सीआरसी मोजतं आणि डेटा दाबण्यासाठी रॅममधल्या डिक्शनरीच्या बफरमध्ये ठेवतं. सीआरसी मोजून झाल्यावर तिथे बिट उलटला की चुकीचा बाइट बिनचूक दाबला जातो. उघडताना प्रवाह कुठेही अडखळत नाही, फक्त त्या फाईलचा सीआरसी जुळत नाही आणि पुढच्या फाईली नीट निघतात. तयार आर्काइव्हमध्ये नंतर बिट बिघडला असता तर सॉलिड ब्लॉकमधला (एकत्र दाबलेल्या फाईलींच्या गठ्ठ्यातला) तिथून पुढचा बहुतेक माल गेला असता. माझ्याकडे पहिला प्रकार होता.

यात एक सोय आहे. सेव्हन-झिप सीआरसी न जुळलेली फाईलही डिस्कवर उतरवून ठेवतं. त्यातला डेटाबेसचा डंप (सगळा डेटा मजकुराच्या रूपात उतरवलेली फाईल) मला हवाच होता. आर्काइव्हमधला मूळ सीआरसी तपशीलवार यादीत दिसतो, हातातल्या फाईलचा मोजता येतो. दोन्हींचा एक्सॉर (कुठले बिट वेगळे आहेत ते दाखवणारी क्रिया) घेतला की, एकच बिट उलटला असेल तर, तो बिट नेमका कुठे आहे हे गणिताने निघतं. ५१२ एमबीपेक्षा लहान फाईलमध्ये प्रत्येक जागेचा ठसा वेगळा असतो. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि तिने एक जागा दाखवली. बिट? तोच, ३२ किमतीचा. फाईल उघडून पाहिलं तर एका टेबलच्या नावात स्मॉल ‘ए’च्या जागी कॅपिटल ‘ए’ उभा होता. आस्कीत (अक्षरांना आकडे देणाऱ्या कोडमध्ये) एक ९७, दुसरा ६५, मधे बरोबर ३२. अक्षर बदललं, सीआरसी जुळला. तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली, हे कबूल करतो.

सगळीकडे असं जमलं नाही. एका मोठ्या व्हिडिओत बिघडलेले बिट एकाहून जास्त असावेत, स्क्रिप्टला जागा सापडली नाही. व्हिडिओ चालतो, मधे क्षणभर चौकटी फुटतात.

मला खरी धास्ती पास झालेल्या फाईलींची आहे. बिट सीआरसी मोजण्याआधीच उलटला असेल तर आर्काइव्ह ‘एव्हरीथिंग इज ओके’ म्हणणार आणि आतली फाईल चुकीची असणार. ज्यांच्या प्रती इतरत्र होत्या त्या हॅश लावून पडताळल्या. उरलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, ‘न तपासलेले’ नावाने. नवा बॅकअप घेताना आता मूळ फाईलींची हॅश यादी आधी बनवतो, आर्काइव्ह दुसऱ्या मशीनवर उघडून ती यादी तिथे जुळवतो आणि मगच मूळ डेटाला हात लावतो. सोबत पार२च्या, म्हणजे बिघडलेला भाग पुन्हा उभा करता येणाऱ्या जादा फाईलीही ठेवतो. त्या डिस्क कुजली तर उपयोगी पडतील, रॅमपुढे त्यांचं काही चालत नाही.