गांडुळाचं आमिष

बुधवार, रात्री

दाढा नसलेला उंदीर! दिवसभर डोक्यात तेवढंच घोळतंय.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर, लातिमोजोंग आणि गांडांगदेवाता या डोंगरांवरच्या ओल्या जंगलात तो सापडला. जेकब एसेलस्टिन, अनांग अचमादी आणि केव्हिन रो यांनी 2012 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, नाव ठेवलं पॉसिडेंटोमिस व्हर्मिडॅक्स. कृंतकांच्या 2200 हून जास्त जाती तेव्हा माहीत होत्या, त्यांत एकही दाढ नसलेला हा एकटाच. कुरतडण्यावर जगणारं अख्खं कुळ, आणि त्यातल्या एकानं कुरतडणंच सोडून दिलं. वरच्या पुढच्या दातांना पटाशीची सरळ धार नाही, दोन टोकं आहेत. पोटात गांडुळांचे तुकडे मिळाले. मऊ गांडूळ तोडायचं आणि गिळायचं, मग दाढा हव्यात कशाला?

पण मला जास्त गुंतवलं ते फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटानं. सापळ्यात सहसा तळलेलं खोबरं ठेवतात, वर पीनट बटर. बहुतेक उंदरांना एवढं पुरतं. गांडूळखाऊ उंदरांना त्याचं काहीच वाटत नाही. लॉरेन्स हीनी, डॅनिलो बालेटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत गांडुळं लावली, तेव्हा ते येऊ लागले. म्हणजे आपण काय मांडून ठेवतो, त्यावर जंगलात काय ‘आहे’ हे ठरत होतं! हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो. खोबऱ्याचा सापळा रिकामा राहिला म्हणून किती डोंगर ‘इथे काही नाही’ म्हणून सोडून दिले गेले असतील?

लुझॉनवर 2000 साली सुरू झालेल्या त्या पाहणीत सस्तन प्राण्यांच्या 28 नव्या जाती हाती आल्या. वटवाघळं सोडली तर तिथे 56 जाती, त्यातल्या 52 जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. उंचावर थंडी, सततचं धुकं, शेवाळानं मढलेली झाडं आणि पायाखाली कुजलेल्या पानांचा जाड थर. गांडुळांना आणखी काय हवं? खालचा उष्ण प्रदेश या उंदरांना ओलांडवत नाही, म्हणून एकेक डोंगर बेटावरचं वेगळं बेटच होऊन बसतो. 2019 मध्ये वर्णन झालेल्या, ऱ्हिंकोमिस या गांडूळखाऊ उंदरांच्या दोन जाती अशाच: एक लाबो डोंगरावरची, दुसरी मिंगानवरची. यातला एक डोंगर उघडाबोडका झाला, तर ती जात जाणार कुठे? याची मला खरंच धास्ती वाटते.

‘शोध लागला’ म्हणताना मी आता जरा थबकतो. सुलावेसीचा पाणउंदीर वायोमिस 2014 मध्ये शास्त्राच्या नोंदीत आला. तिथले मामासा लोक त्याला आधीपासून ओळखत होते. घराला आग लागू नये म्हणून त्याचं कातडं जपून ठेवत.

ऱ्हिंकोमिसच्या दाढाही इवल्याशा, जेमतेम उरलेल्या. लुझॉनचे हे आणि सुलावेसीचा तो बिनदाढांचा उंदीर जवळचे नातलग नाहीत. दोन्हीकडे गांडुळांनीच, वेगवेगळ्या वाटांनी, दात झिजवत आणले. उद्या त्यांच्या कवट्यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघणार आहे. लुझॉनवाल्यांच्या दाढा अजून का टिकल्यात, हे मला कळून घ्यायचंय.