पायथन लावू की जावा?

परवा जिन्यात तुम्ही विचारलंत, "मुलगा पाचवीत गेला, आता कोडिंग सुरू करायचंय. पायथन लावू की जावा?" तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर सांगते. पायथन आणि जावा या दोन्ही कॉम्प्युटरला आज्ञा लिहून द्यायच्या भाषा. सुट्टी जवळ आली की कोणी ना कोणी हे विचारतंच.

पाचवीला स्क्रॅच, म्हणजे आज्ञांचे ठोकळे जोडून केलेलं कोडिंग. सातवी-आठवीत पायथन, आणि त्यातही सुरुवात टर्टलपासून, म्हणजे पडद्यावरच्या कासवाला 'इतकं पुढे जा, इतकं वळ' अशा आज्ञा देऊन चित्र काढण्यापासून. जावाचं त्याला स्वतःला वाटेल तेव्हा बघू.

जावात पडद्यावर नुसतं 'नमस्कार' उमटवायचं तरी रूढ पद्धतीत आधी क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, मेन एवढं सगळं लिहावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "हे कशाला?" तर आपण म्हणतो, "ते असू दे, नंतर कळेल." या 'नंतर कळेल'चीच मला धास्ती वाटते. पहिल्याच दिवशी मूल न समजता उतरवून काढायला शिकतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी टर्टलने समभुज त्रिकोण काढत होती. प्रत्येक कोन 60 अंशांचा हे तिला पाठ, म्हणून तिने 100 पुढे, 60 डावीकडे, असं तीनदा लिहिलं. पडद्यावर वाटीसारख्या तीन रेषा उमटल्या, तोंड उघडंच. "ताई, कॉम्प्युटर चुकतोय!" मी तिला उठवलं आणि म्हटलं, तूच कासव हो, फरशीवर त्रिकोण चाल. पहिल्या कोपऱ्यावर ती वळली, थांबली, आणखी वळली. मग हात पसरून बघितलं आणि ओरडली, "आतला कोन साठचा, पण मला वळायचंय एकशेवीस!" त्या दिवशी तिने न सांगता पंचकोनही काढला, 360 भागिले 5, म्हणजे 72 अंश वळून.

ही युक्ती माझी नाही. 1967 साली अमेरिकेत वॉली फ्योर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि सेमूर पॅपर्ट यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, आणि लोगोतलं कासव हे त्यांच्याच कामातून आलं. मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करावा, हा पॅपर्ट यांचा आग्रह. स्क्रॅच त्याच घराण्यातलं, 2007 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून आलेलं. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. ज्याला 'फॉरवर्ड' टाइप करायला मिनिटभर लागतं, त्याचा जीव स्पेलिंगमध्ये अडकत नाही, सगळं लक्ष विचारावर राहतं. पायथनमध्ये टर्टल मुळातच असतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

तुमचा मुलगा मराठी माध्यमातला, म्हणून आणखी एक. पायथनमध्ये आपण ठेवतो ती नावं देवनागरीत चालतात. 'फॉर', 'इफ' हे शब्द इंग्रजीच राहतात, पण फंक्शनचं, म्हणजे आपण एकत्र बांधलेल्या आज्ञांच्या गटाचं, नाव 'चौकोन' ठेवता येतं. आमच्याकडच्या एका मुलाने 'चौकोन' लिहून चालवलं आणि खरंच चौकोन उमटला, तेव्हा तो खुर्चीवरून उठून शेजारच्याला ओढत घेऊन आला.

एवढंच करा, की त्याचं चुकलं तर माउस हातात घेऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "तुला काय व्हायला हवं होतं? आणि झालं काय?"

रविवारी त्याला घेऊन या. बाहेरच्या खोलीतलं टेबल बाजूला सरकवून ठेवते, चालायला फरशी मोकळी हवी.